घासाआधीचा देव

मंडळी, सरका पुढं! भिंतीला टेकून बसलेले कीर्तन ऐकत नाहीत, झोपतात — मला सगळं ठाऊक आहे! हां, आता कसं! एक प्रश्न टाकतो. लेकरू शाळेत निघालं. दारात चप्पल काढली, आत गेलं. बरोबर? मग आईनं घरी शिकवलेलं देवाचं नाव — तेही चपलेशेजारी काढून ठेवायचं का? बोला! कुणी म्हणतं, सरकारी शाळा, तिथं देवाचं काय काम? कुणी म्हणतं, देव पाहिजेच — पण माझाच! टाळकरी हसले. म्हणजे यांच्या घरात दोन्ही पक्ष आहेत!

तर ऐका. बोरखेडी गाव, चार खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. दुपारी खिचडी शिजवायला कौतिकबाई. बाई कसली, पळी घेतलेली फौजदार! तिनं एक रीत घातलेली. शेवटच्या लेकराचं ताट वाढून झालं, की रोज एका पोरानं आपल्या घरी घासाआधी जे म्हणतात ते म्हणायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. कुणाला नसेल म्हणायचं, तर नको! ते संपल्याशिवाय घास मात्र उचलायचा नाही.

आता पोरांची हुशारी बघा! नाना ढोबळ्यांचा नातू विश्वंभर — त्याचं अकरा ओळींचं! आठव्या ओळीवर खिचडी थंड, पोरं गरम! मानसीचे वडील वायरमन, देव मानत नाहीत. ती म्हणायची, "कौतिकबाई, खिचडी केलीत, आभारी आहे." पाच शब्द, छान! आणि इनूसचाचांचा नातू अल्ताफ? "बिस्मिल्ला!" — संपलं! अहो, अख्ख्या शाळेत त्याच्याइतका लाडका पोरगा नव्हता! "अल्त्या, आज तूच म्हण रे!" — भुकेपोटी सगळ्यांनी त्यालाच निवडून दिलेला!

आणि इथंच घोटाळा झाला. नाना ढोबळ्यांच्या घरी सत्यनारायण. गुरुजी बसलेत, पाहुणे बसलेत. विश्वंभरनं प्रसादाचा शिरा हातावर घेतला, डोळे मिटले — आणि खणखणीत आवाजात, "बिस्मिल्ला!" पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या हातातली पळी पडली हो! त्याच आठवड्यात तिकडं इनूसचाचांकडं दावत. अल्ताफ मांडी घालून, हात जोडून, सगळ्या पाहुण्यांसमोर — अकराच्या अकरा ओळी! एकही चुकली नाही!

हे नाना आणि हे चाचा. बांधावरून बारा वर्षं बोलणं नाही, समोरून आले तर एक जण रस्ता बदलणार. पण तक्रार करायला? एकाच मोटारसायकलवर — तेही एकमेकांशी न बोलता! दोघं भिडले खोंडे गुरुजींना. खोंडे गुरुजी म्हणजे हेडमास्तर, माणूस भला, पण भित्रा. परिपत्रक आलं की आधी पाणी पिणार, मग वाचणार. दोघांना एकत्र बघून त्यांना घामच फुटला.

"बंद!" गुरुजी म्हणाले. "उद्यापासून शाळेत देव बंद. कुणाचाच नको. ताट वाढलं की खायचं."

मिटलं? मंडळी, नियम काय सांगतो? सरकारी शाळेत एखादा धर्म शिकवू नका. बरोबरच आहे! माझं लेकरू सरकारच्या हवाली केलं ते गणित शिकायला. मास्तरनं धर्म शिकवणं वेगळं, आणि लेकराच्या तोंडून त्याच्या आईचे शब्द निघणं वेगळं. पहिल्याला नाही म्हणा. दुसऱ्याला नाही म्हणालात, तर लेकरू काय शिकलं? आपल्या घरात काहीतरी लपवण्यासारखं आहे — हे शिकलं!

असो. पुढं बघा. पहिला दिवस. ताट वाढलं की खायचं! मग काय, पुढच्या रांगेतले सातवीचे दांडगे — अर्धी रांग वाढून होतेय तोवर यांची ताटं चाटूनपुसून साफ, आणि पुन्हा पातेल्यापाशी हजर! "बाई, अजून!" गुरुजी म्हणाले, वाढा, मागेल त्याला नाही म्हणू नका. शेवटच्या रांगेला खरवड मिळाली.

दुसरा दिवस. शेवटच्या रांगेत शेवटी बसायची ठकू. पहिलीतली, एवढीशी. आई पहाटेच वीटभट्टीवर जाते, चूल पेटते थेट संध्याकाळी. या पोरीचं दिवसाचं जेवण म्हणजे ही खिचडी! आणि ताट कोरडं. कौतिकबाईनं विचारलं, "का गं, जेवली नाहीस?"

"पोट दुखतंय," ठकू म्हणाली.

सहा वर्षांची पोर, आणि लाज झाकायला शिकली. मंडळी, मला हे सांगताना राग येतो, येऊ द्या. बाईनं आपली भाकरी तिच्यापुढं ठेवली आणि बोलली काही नाही. कौतिकबाई गप्प! म्हणजे समजा, कुणाचं तरी भरलं!

तिसऱ्या दिवशी नाना आणि चाचा शाळेत हजर, देव खरंच बंद झालाय का ते बघायला. बाईनं दोघांना बसवलं शेजारी शेजारी आणि पुढं ताटं ठेवली. "आलाच आहात तर चव बघा."

वास दरवळला. नानांचे डोळे आपोआप मिटले, ओठ हलायला लागले. चाचांचेही हलले, थांबले. आणि हात तसाच ताटावर ठेवून चाचा बसून राहिले — नानांचं संपायची वाट बघत!

"धरलं!" बाई ओरडली. "गुरुजी, या! शाळेत देव आणला, दोघांनी! नाना, काय पुटपुटलात? कुणी शिकवलं?"

"आईनं," नाना म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान झाला.

"आणि चाचा, तुम्ही जेवला का नाहीत?"

"त्यांचं व्हायचं होतं ना!"

"मग हे बघा!" बाईनं पातेलं आडवं केलं. रिकामं! शेवटी ठकू, पुढं कोरडं ताट. "तुमचा देव काढला, तसं थांबणंही गेलं!"

चाचा उठले, आपलं ताट ठकूपुढं ठेवलं. नाना उठले, त्यांनीही ठेवलं. पोरीपुढं दोन दोन ताटं! पण पोरगी खाईना. वर बघितलं आणि म्हणाली, "आज म्हणायची पाळी कुणाची?"

आणि नाना ढोबळे — बारा वर्षांत पहिल्यांदा — चाचांकडं वळून म्हणाले, "इनूस, तूच म्हण. माझं लांब आहे रे, पोरगी भुकेली आहे!"

शाळा अशी हसली, अशी हसली! खोंडे गुरुजीसुद्धा हसले, पाणी न पिता! दुसऱ्या दिवशी रीत पुन्हा सुरू.

मंडळी, हसलात ना? आता माझ्याकडं बघा. थोड्या वेळानं याच मंडपात पंगत बसणार. पत्रावळ्या आल्या, बुंदी आली. ओढ्यापलीकडच्या वस्तीला आवतण गेलंय का? अहो, उत्सवाचे अध्यक्ष, उपरणं काय चाचपताय? गेलंय का? नाही! आणि ही पुढं बसलेली लेकरं तुमच्याकडंच बघतायत बरं! मग शाळेला कशाला नावं ठेवायची? या चिपळ्या मी खाली ठेवल्या. आरती पेटवू नका. चौघं जण उठा, ओढा ओलांडा, हात जोडून बोलवा. ती माणसं इथं येऊन बसेपर्यंत माझं कीर्तन संपलेलं नाही!