किटलीच्या वाफेवर सुटलेलं मत

आधी हे लिहा की मला दोन तास चौकीबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. बाकाचा एक पाय लंगडा आहे आणि माझे दोन्ही. पाणी मागितलं तर माठाकडे बोट दाखवलं, माठ कोरडा ठणठणीत. लिहिलंत? मग पुढचं घ्या.

नाव: शाळेत आणि गल्लीत सगळे आत्याबाई म्हणतात, तेच. वय: कागदोपत्री अडुसष्ट, कागद चुकीचा आहे. धंदा: शाळेत झाडलोट व पाणी भरणे, बावीस वर्षं. शिक्षण: दुसरी, तीही अर्धी. राहणार: शाळेमागची गल्ली, वरचा मजला, दोन खोल्या. घरात मुलगा, सून व एक नात.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आमच्या वॉर्डाच्या निवडणुकीला दोन उमेदवार उभे होते. एक दवाखान्यातला कंपाउंडर. दुसरे माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील. त्यांचं छत्र्यांचं दुकान आहे, म्हणून सगळे छत्रीवाले म्हणतात. मी मतमोजणीत लबाडी केली अशी तक्रार त्यांनीच दिली आहे.

मतदानाच्या आठ दिवस आधी व्याही आमच्या घरी आले व म्हणाले, "विहीणबाई, तुमचं मत मला." मी शब्द दिला. मी दिलेला शब्द मोडत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. मग ते खोलीत इकडून तिकडे फिरले व म्हणाले, "निवडून आलो की माझं ऑफिस इथे, तुमच्या पुढच्या खोलीत. उजेड चांगला आहे. पोरीचं शिलाई मशीन जिन्याखाली ठेवा." जिन्याखाली उजेड नाही. पोरीला, म्हणजे माझ्या सुनेला, कुणी विचारलं नाही. सुनेने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो थोडा बशीत सांडला. ती फडकं आणायला आत गेली. माझा मुलगा तिथेच होता, पण तो जन्मात कधी बोललेला नाही.

मतदान शाळेच्या हॉलमध्ये झाले. दुपारी साडेचारच्या सुमारास निवडणुकीच्या कारकुनाला कळलं की पेटीवर पट्ट्या चिकटवायचा डिंक वाळून दगड झाला आहे. सरकारी डिंक होता. तो म्हणाला, "आत्याबाई, काहीतरी करा हो." मी पिठाची खळ शिजवली. पाच वाजायला पाच मिनिटं असताना त्याने ओरडून विचारलं, "कुणी राहिलंय का?" मी राहिले होते, आणि सून शिवण टाकून धावत आली होती. आधी तिने मत दिलं, तिच्यामागून मी. आमच्यानंतर कुणी आलं नाही. कागद घडी न घालता पेटीत सरकवायचा होता. माझे हात खळीने भरलेले होते, पुसायला कुणी फुरसत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोजणी सुरू झाली. व्याहींना सहाशे बारा व कंपाउंडरला सहाशे अकरा मतं निघाली. व्याहींनी लगेच आमची पुढची खोली मोजायला टेप घेऊन सुतार पाठवला. कंपाउंडरने फेरमोजणी मागितली. तेव्हा कळलं की वाटलेले कागद बाराशे चोवीस, आणि पेटीतून निघालेले बाराशे तेवीस.

मग सगळे शिकलेले लोक टेबलांखाली शिरले. पहिला संशय माझ्यावर. माझी कचऱ्याची बादली उलटी केली. माझा जेवणाचा डबा उघडला. डब्यात कालचीच भाजी होती, निवडणूक साहेबांनी वास घेतला आणि झाकण स्वतः लावलं.

मी तोवर टेबलाजवळ उभी होते. व्याहींच्या गठ्ठ्यात एक कागद पुठ्ठ्यासारखा ताठ दिसला. मी म्हटलं, "साहेब, हे दोन आहेत." साहेब नखाने सोलायला लागले. मी म्हटलं, "नख काढा आधी! फाटलं तर नवं कुठून आणाल?" कोपऱ्यात चहाची किटली उकळत होती. साहेबांनी मान हलवली, मग मी चिमट्याने कागद वाफेवर धरला व तीस आकडे मोजले. सर्वांच्या देखत कागद सुटला. वरचा व्याहींचा होता, खालचा कंपाउंडरचा. दोघांना सहाशे बारा झाली.

साहेबांनी दोन चिठ्ठ्या टाकायला माझीच बादली मागितली, धुऊन. चिठ्ठी कंपाउंडरची निघाली. व्याही ओरडले, "विहीणबाई, तुम्ही किटलीतून मत काढलंत!" मी म्हटलं, "किटलीतून मतं निघत असती, तर तुम्ही छत्र्या कशाला विकल्या असत्या? चहाच विकला असता की."

वरच्या कागदावर, व्याहींच्या, खळीचा अंगठा उमटलेला होता, असं कारकुनाने सांगितलं आहे म्हणे. तो वाफ द्यायच्या आधीपासून होता, असंही म्हणे. कारकून तेव्हा टेबलाखाली होता, त्याला काय दिसणार? डाग होता, तो मी ओल्या फडक्याने पुसला. बावीस वर्षं डागच पुसते आहे, हात आपोआप जातो.

इथे हवालदारांनी पेन थांबवलं व विचारलं, "आजी, खळीचे हात एकट्या तुमचेच होते. मग वरचा कागद तुमचा. आणि खालचा..."

"खालचा माझा."

"अहो पण अंगठा तर वरच्यावर..."

"खालचा माझा म्हटलं ना? कुणाचा कागद कुठला, हे तुम्हाला जास्त कळतं की मला? लिहा."

तरी लिहून घ्यावं की, मी व्याहींना शब्द दिला होता व तो मोडला. मत कंपाउंडरला दिलं. का दिलं ते सांगणार नाही. गल्लीत ज्याला माझं तोंड काळं झालंसं वाटेल, त्याने खुशाल दुसरीकडे बघावं.

सून बाहेर त्याच लंगड्या बाकावर बसली आहे. तिला आत बोलावण्याचं कारण नाही. तिला संध्याकाळपर्यंत शाळेचे सहा गणवेश शिवून द्यायचे आहेत. मशीन पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, होतं तिथेच आहे.

हे सगळं हवालदारांकडून मी मोठ्याने वाचून घेतलं, बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मी बोलले तेच उतरलं आहे, फक्त "लबाडी" हा शब्द दोनदा आला होता, तो एकदाच ठेवायला लावला. शाईचं पॅड पुढे केलं होतं, ते मी मागे सारलं. अंगठा देणार नाही. सही करते, वाकडी आली तरी माझीच आहे.

आणि सहीच्या खाली हेही लिहा: या कागदाबद्दल पुढे साहेब विचारोत, व्याही विचारोत, नाहीतर माझ्या मुलाला एकदाचं तोंड फुटो, उत्तर मी द्यायचं. सुनेला कुणी काही विचारायचं नाही.