कंपनीची बेस

...नाही पण मला एक सांगा, लाकडाला श्वास असतो का? असतो म्हणे. आमच्या सासऱ्यांच्या बेस गिटारीला असतो. वायर जोडून नुसती उभी केली की ती जी घूंऽऽ करत राहते ना, जुन्या फ्रीजसारखी, तो तिचा श्वास. माझ्या माहेरी असा आवाज आला असता तर वडिलांनी मेन स्विच पाडून इलेक्ट्रिशियनला फोन लावला असता. इथे तसं बोलायची सोय नाही. बोललं की सासरे चष्म्यावरून बघतात, आणि बघतात तेही माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे 'ही कुठून आणलीस रे?' असं. जाऊ दे. मला काय कळतंय त्यातलं!

तुम्हाला सांगते, नवीन लग्न झालेल्या मुलीने आधी घरातलं मोठं माणूस कोण ते ओळखायचं असतं. मला वाटलं, सासरे. मग वाटलं, सासूबाई. दोघंही नाहीत. मोठी ती. चार जाड तारा, अंगाने भरलेली, मूळ रंग पांढरा होता म्हणतात, आता न घासलेल्या दातांसारखा झालाय. आणि ती राहते कुठे? आमच्या खोलीत. आमच्या म्हणजे माझ्या आणि नवऱ्याच्या. कारण बाकी घराला ओल आहे आणि ओल तिच्या मानेला सोसत नाही. कपाटाच्या शेजारी तिचा स्टँड, स्टँडवर मऊ फडकं, खिडकीचा पडदा तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून कायमचा ओढलेला. मी सासूबाईंना विचारलं, आई, माझी बॅग कुठे ठेवू? त्या म्हणाल्या, पलंगाखाली सरकव, मीही तिथेच ठेवली होती.

कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं रे घेतलं की तुमच्यातलाच कुणीतरी उठून 'ताई, कुठल्या सालची?' असं विचारणार, दुसरा म्हणणार, 'त्या सालानंतर लाकूड बदललं', तिसरा म्हणणार, 'लाकूड नाही हो, तारांखालचा पिकअप', आणि मग आपण सगळे इथेच उपाशी बसणार. मी रोज बसते. आमच्या घरात तर नाव कुणी घेतच नाही, नुसतं 'कंपनी' म्हणतात. जगात बाकी कुणी कंपनी काढलीच नाही.

आता नवराही बेस वाजवतो. बेसवाला म्हणजे बँडमधला असा माणूस, की तो वाजवत असताना कुणाचं लक्ष नसतं आणि तो थांबला की काहीतरी बिघडलंय एवढंच लोकांना कळतं. अशी दोन माणसं एका घरात, विचार करा. नवऱ्याची बेस साधी, हलकी, कुठल्यातरी कारखान्यात हजारांनी निघते तसली. सासरे तिला 'डबा' म्हणतात. आणि जेवायला बसलं की पहिल्या घासाला सुरू.

नवरा म्हणणार, बाबा, नुसतं नाव राहिलंय हो. मानेवरच्या चौथ्या पट्टीवर बोट ठेवलं की सूर मरतो तिचा.

"मरत नाही," सासरे म्हणणार. "विसावतो."

मान जड आहे, हात सोडला की खाली झुकते. तर म्हणे, ती नम्र आहे. वजनाने पाठ मोडते. तर म्हणे, वजन असलेल्याचंच जग ऐकतं. आणि हे सांगताना त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला बोटभर खाली आलेला, पट्टा अडकवून अडकवून! त्यांचा शिंपी सदऱ्याचा एक खांदा मुद्दाम उतरता शिवतो. गुण सांगायला गेलं की दोष निघतो आणि दोष काढायला गेलं की तो गुण ठरतो, अशी वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही... म्हणजे पाहिली, माझ्या लग्नात पाहिली, पण तो विषय वेगळा. मी आपली पोळी वाढते. मला काय कळतंय त्यातलं!

पण डोळे तर असतात ना माणसाला? मी गप्प असते म्हणून सगळ्यांना वाटतं हिचं लक्ष नसतं. मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं की सासरे कुणी बोलायला लागलं की त्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांकडे बघतात. मी पाठमोरी असताना 'बाबा, चहा?' विचारलं तर उत्तर यायचं, 'हो, उद्या बघू.' उभं आयुष्य ड्रमच्या झांजेला कान लावून उभे राहिले, कानांनी करायचं तरी काय? पण घरात हे कुणी म्हणत नव्हतं. म्हणायचं म्हटलं असतं तरी त्यांना ऐकू कसं जाणार, हा एक भाग झालाच.

आणि अशात आला कार्यक्रम. सासऱ्यांचा जुना बँड, सगळे आता पिकलेले, शेवटचं एकदा एकत्र वाजवायचं ठरलं. त्यांचे म्होरके म्हणजे ड्रमवाले काका. सासऱ्यांचे जिवलग. मांडीवर बोटं वाजवल्याशिवाय त्यांना वाक्य सुचत नाही. तालमीत सासरे एक ओळ पुढे निघून जायचे आणि त्यांना पत्ताच नसायचा. काकांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू तयारी ठेव. बरं, तेवढंच सासऱ्यांना तोंडावर सांगायचं की नाही? इतक्या वर्षांचा मित्र! पण नाही. दोघांनी मिळून काढलं काय, तर 'कार्यक्रमाला बेस कुठली घ्यायची ते एकदा ठरवू.' कंपनीची की डबा. समजलं ना? बेसचं नाव पुढे करून माणूस काढायचा. दुसरी बेस सासरे हातात धरत नाहीत, म्हणजे कंपनीची हरली की ते घरी आणि डबा घेऊन नवरा स्टेजवर. सासरे तर खूशच झाले. म्हणाले, परीक्षाच होऊन जाऊ दे. मी भिंतीकडे तोंड करून बसतो, एकाच माणसाने दोन्ही वाजवा, मी ओळखतो.

आणि वायर बदलायला कोण? मी! का? तर काका म्हणाले, "हिला घ्या. हिला कशातलंच काही कळत नाही, त्यामुळे ही कुणाच्याच बाजूची नाही."

मला अँपपाशी, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यापाशी बसवलं. नवऱ्याने समजावलं, वायर काढता-घालताना हे छोटं बटण खाली करून आवाज बंद करायचा, नाहीतर ढप्प होतं आणि स्पीकर फाटतो. तू फक्त सांगितलं तेवढं कर, जास्त डोकं चालवू नको. मी सांगितलं तेवढं केलं. बटण खाली केलं. वायर घातली. बटण वर करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

सासरे भिंतीकडे तोंड करून खुर्चीत. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली. काका सोफ्यावर. सासूबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवऱ्याने कंपनीची गळ्यात अडकवली आणि सुरू केलं. आवाज काय यावा? तारांवर बोटांचं टिक टिक, टिक टिक, पाल चुकचुकल्यासारखं. बस्स. नवऱ्याने मान वर केली, माझ्याकडे बघून 'अगं बटण' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सासऱ्यांनी हात वर केला.

"अहाहा," ते म्हणाले.

नवऱ्याचं तोंड तसंच उघडं. मग ते हळूहळू मिटलं, आणि मिटता मिटता त्याचं हसू झालं. ते हसू मी ओळखलं नाही हो. लग्न ठरवताना मी त्याची सगळी हसू बघून घेतली होती असं मला वाटत होतं. तो वाजवत राहिला. सासरे बोलत राहिले. खालचा सूर बघा कसा जमिनीतून येतो, आणि हा चौथ्या पट्टीवर विसावा, आला, आला... बोट अजून चौथ्या पट्टीवर पोहोचलंही नव्हतं. काकांनी उशी तोंडात कोंबली. मी बटणाकडे हात नेला तर नवऱ्याने पायाने माझा हात बाजूला केला. अलगदच केला, पण पायाने. मग त्याने स्वतःच बेस बदलली, डबा घेतला आणि तीच ओळ वाजवली. पुन्हा पाल. सासऱ्यांनी नाक मुरडलं. मधले सूर गिळतोय, म्हणाले. पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखा वाजतोय, ह्याला पोट नाही. शांततेचे एवढे दोष काढलेले मी कधी ऐकले नव्हते! काका तर आता उशीसकट हलत होते. आणि सासूबाई, घडी मोडू न देता, अगदी नेहमीच्या आवाजात काय म्हणाल्या माहितेय?

"मला इतकी वर्षं उत्तरं देतायत, ती काय ऐकून देतायत होय?"

अर्ध्या आयुष्याचा हिशेब एका वाक्यात, आणि ज्याच्यासाठी होता त्याच्या पाठीवर आपटून खाली पडला. मी हसले का? हसले. खोटं कशाला बोलू.

मग सासरे उठले, वळले. विजयी मुद्रा. आणि त्यांची नजर गेली अँपवर. जन्म गेलाय त्या माणसाचा अँपसमोर, ते बटण त्यांना अंधारातही दिसेल. चेहरा थांबला. काकांकडे बघितलं, काकांनी उशी खाली ठेवून बुटाची नाडी बघायला घेतली. मुलाकडे बघितलं, तो आता सांगणारच होता, ओठांवर आलंच होतं त्याच्या, आणि म्हणून त्यांनी त्याच्यावरची नजर काढून घेतली आणि माझ्याकडे वळले.

"सूनबाई, बटण वर होतं ना?"

ओठांकडे बघत होते माझ्या.

"हो बाबा," मी म्हणाले, सावकाश, प्रत्येक अक्षर दिसेल असं. "आत्ताच खाली केलं. वायर काढायची म्हणून."

झालं! कंपनीची जिंकली. सासऱ्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली, वाईट वाटून घेऊ नको म्हणाले. नवऱ्याने खोलीत आल्यावर दार लावलं आणि विचारलं, तुला कुणी विचारलं होतं? मी म्हटलं, बाबांनी. तो म्हणाला, आता भरल्या सभागृहात त्यांचं हसं होईल, ते तुझ्या डोक्यावर. आणि खरं होतं ते. चांगुलपणाचं असंच असतं, करून मोकळं व्हायचं आणि निस्तरायला दुसरं कुणीतरी. पण मला आपलं वाटलं... जाऊ दे, मला काय कळतंय त्यातलं!

निस्तरलं काकांनी. आले, मांडी वाजवत बसले आणि तोडगा सांगितला. स्टेजवर सासरे उभे राहणार, कंपनीची गळ्यात घालून. त्यांची वायर मागच्या पडद्याखालून आत जाणार. पडद्याआड नवरा, डबा घेऊन, तो खरं वाजवणार. "आणि वायरीचं दुसरं टोक?" मी विचारलं. काका म्हणाले, ते तू धर, तुझा हात बसलाय आता.

तर अख्खा कार्यक्रम मी पडद्याआड स्टुलावर बसून, मांडीवर त्या वायरीचं टोक घेऊन पाहिला. कशालाच न जोडलेलं. सासरे जोरात वाजवायला लागले की ते माझ्या हातात जरासं हलायचं. पडद्याच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती, तो उतरता खांदा, आणि बूट काढून ठेवलेला एक पाय. पायाने लाकडी स्टेजमधला ताल चाचपत होते बहुतेक. दुसऱ्याच गाण्यात निघाले एक ओळ पुढे! त्यांची बोटं तिकडे, नवऱ्याचे सूर इकडे, मधे मी. आणि नवऱ्याने काय वाजवलं म्हणून सांगू तुम्हाला... त्याला एवढं चांगलं वाजवताना मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. रागात माणसाचा हात सुधारतो वाटतं.

टाळ्या थांबेनात. कार्यक्रम संपल्यावर जाणकार मंडळी आली. पिकलेल्या केसांची शेंडी बांधलेले एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी परवानगी मागून कंपनीच्या अंगाला बोट लावलं. डोळे भरून आलेले. म्हणाले, "हा आवाज आजकालच्या डब्यांतून येत नाही." शेजारचे म्हणाले, लाकूड आहे ते, लाकूड. तिसरे म्हणाले, लाकूड नाही हो, पिकअप. झाली सुरू! कुणी म्हणे मी डोळे मिटून ओळखलं असतं. कुणी म्हणे मी मिटलेच होते. माझा नवरा तिथेच उभा, डबा पिशवीत घालून खांद्याला अडकवलेला, आणि लोक त्याला 'जरा सरकता का?' म्हणून बाजूला करून फोटो काढत होते.

सासरे त्याच्याकडे वळले. "ऐकलंस?" म्हणाले.

तो म्हणाला, "ऐकलं."

घरी येताना गाडीत सासरे पुढे बसले, कंपनीची गुडघ्यांत धरून, आम्ही दोघं मागे. पुढच्या माणसाच्या मानेमागे काय वाटेल ते बोलायची सोय आता आमच्याकडे कायमचीच झाली होती, पण नवरा खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, मी ठरवलंय, मीही त्याच कंपनीची एक घेणार. मी म्हटलं, अरे पण घुमते, झुकते, चौथ्या पट्टीवर मरते असं तूच म्हणतोस ना?

"हो," तो म्हणाला. "जुनी मिळाली पाहिजे फक्त. तारा नसल्या तरी चालेल."