तावडेकाका पास्ड

यार, त्या 'पास'ने माझी कशी वाट लावली, ऐक. चारकोपला आमच्या शेजारच्या विंगमधले तावडेकाका रिटायर झाल्यावर बी.ए.ला बसलेले. रिझल्ट गेल्या आठवड्यात लागणार होता. एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या अमेरिकेहून आलेल्या मुलाचा मेसेज, "बाबा पास्ड धिस मॉर्निंग."

मी लगेच टाकलं, "काँग्रॅट्स काका! पार्टी कधी?" माझ्यामागून अख्ख्या बिल्डिंगने टाळ्या पाठवल्या. मी तर पेढे घेऊनच गेलो. बघतो तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत काकू रडतायत. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, पास्ड म्हणजे 'पास्ड अवे', काका गेले. पुडा लपवायलाही जागा नाही रे!

मुलानेच तो माझ्या हातातून घेतला. म्हणाला, "असू दे. रिझल्टही आलाय आत्ता. बाबा पास झालेत."