तळघरातली तालीम

एर्सिलिया : दार लावलेलं नाही, नुसतं ओढलंय. ओरडू नकोस.

पानफिलो : ओरडतोय कुठं? विचारतोय. किती झाली?

एर्सिलिया : चार मिनिटं.

पानफिलो : चारच? तुझं ते अंडी उकडायचं घड्याळ बंद पडलंय.

एर्सिलिया : टिकटिक ऐकवू? हे बघ, दाराला लावते. ऐकलंस? आता पिंपावर बस आणि उद्याचा विचार कर. उद्या दीड तास आहे, पानफिलो. संत पेत्राच्या कबरीपाशी कुणी चार मिनिटांसाठी जात नाही.

पानफिलो : कबरीपाशी जायला माझी ना आहे का? पण वरून जाऊ. एवढं मोठं चर्च वर बांधलंय, ते काय उगाच? वर मेणबत्ती लावू, गुडघे टेकू. खाली असलेल्या माणसाला वरचं ऐकू जातंच की.

एर्सिलिया : जातं. ते तू मला नको शिकवूस.

पानफिलो : भिंतीला ओल आलीय इथं.

एर्सिलिया : तळघर आहे ते. वाईन ठेवायला ओल लागते. पंधरा वर्षं वाईन मीच वर आणते, म्हणून तुला ठाऊक नाही.

लोरेता : आई, तू अशी पायरीवर का बसलीयस? बाबा कुठं आहेत?

एर्सिलिया : खाली.

लोरेता : खाली म्हणजे तळघरात? आपले बाबा?

पानफिलो : आपलेच! आणि तुझ्या आईला सांग, दार थोडं आणखी उघड म्हणावं.

एर्सिलिया : काल बारा मिनिटं बसला. आज तीस बसणार आहे. बसणारच आहे. लोरेता, तू ते पत्र आणलंस ना छापून? वाच बघू एकदा. पहाटे बस पकडायची, ऐनवेळी एखादी गोष्ट राहिली तर मी कुठं तोंड दाखवू?

लोरेता : वाचते. सकाळी सव्वानऊ. दहा मिनिटं आधी डावीकडच्या कमानीपाशी, पहारेकऱ्याला हे पत्र दाखवायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पिशवी, छत्री, काही आत न्यायचं नाही. फोटो नाही. नाव ओळखपत्रावरच्यासारखंच. तारीख बदलून मिळणार नाही, नाव बदलून मिळणार नाही. खाली हवा दमट असते, वाटा अरुंद आहेत, काचेची दारं मागोमाग आपोआप बंद होतात. बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी...

पानफिलो : असणाऱ्यांनी काय? का थांबलीस?

लोरेता : असणाऱ्यांनी... पोटभर खाऊन यावं.

एर्सिलिया : त्याच्याशी खोटं बोलू नकोस. अशा लोकांनी येऊ नये, असं लिहिलंय.

पानफिलो : बघ! खुद्द व्हॅटिकन सांगतंय! मी म्हणतो ते तुला पटत नाही, निदान त्यांचं तरी ऐक!

एर्सिलिया : नवस त्यांनी बोललेला नाही. मी बोललेय. 'नवऱ्याला घेऊन येईन,' असं बोललेय. तोंडातून गेलेला शब्द आहे, तो काय परत गिळू? आणि पंधरा वर्षं जागा मिळत नाही, जागा मिळत नाही, करत कोण होतं?

लोरेता : आई, सोड ना आता ते.

एर्सिलिया : का सोडू? तुलाच सापडली ना ती जागा मागणारी पत्रं याच्या संगणकात? एक नाही, दोन नाही, तीन. लिहिलेली आणि न धाडलेली. संत पेत्रानं येशूला नाकारलं, तसा तीनदा नाही म्हणाला हा. कोंबडा तेवढा आरवायचा राहिला.

पानफिलो : किती झाली?

एर्सिलिया : सात.

लोरेता : बाबा, दीर्घ श्वास घ्या. नाकानं. आणि हो, दुकानात फादर अत्तिलिओ भेटले. म्हणाले, बाबांना सांग, बदली नवसाची सोय होईल. तीन शुक्रवार डोंगरावरच्या देवळापर्यंत चालत जायचं. मला काही कळलं नाही. कसली सोय?

एर्सिलिया : काय?

पानफिलो : लोरेता!

एर्सिलिया : नवस माझा, आणि सवलत मागायला तू गेलास? माझ्या पाठीमागून? पाद्रीबुवांना काय सांगितलंस? बायकोला सांधेदुखी आहे म्हणून?

पानफिलो : सांधेदुखी नाही. दमा म्हणालो.

एर्सिलिया : मला दमा! अख्खं गाव उन्हात धापा टाकतं तेव्हा चढ चढून पाणी आणते मी, आणि मला दमा!

पानफिलो : एर्सिलिया, दार उघड.

एर्सिलिया : नुसतं ओढलंय. ढकल.

पानफिलो : ढकलवत नाही. हातात जोर येत नाहीये. पायरी चढून आलोय, दाराला हात लावलाय, आणि... उघड गं. खरंच उघड.

(दार उघडतं. पानफिलो घामानं निथळत वरच्या पायरीवर बसतो.)

लोरेता : पाणी घ्या, बाबा. हळू. किती थरथरताय!

पानफिलो : किती झाली होती?

एर्सिलिया : अकरा.

पानफिलो : कालच्यापेक्षा एक कमीच. बघितलंस? उद्या तिथं काचेचं दार माझ्या मागं बंद होणार, मी किंचाळणार, आणि परक्या लोकांसमोर तुझी शोभा होणार. लोरेताला घेऊन जा. माझं ओळखपत्र हिला दे.

लोरेता : ओळखपत्रावर मिशी आहे, मला नाहीये, बाबा. नाव बदलत नाही म्हणून लिहिलंय.

पानफिलो : मग तू एकटी जा. एक जागा रिकामी राहील. संत पेत्र काय हजेरी घेणार आहे?

एर्सिलिया : एकटी जायचं तर पंधरा वर्षं थांबले असते?

लोरेता : मला हेच कळत नाही. भूकंपात नऊ तास ढिगाऱ्याखाली आपण दोघी होतो. मी सहा वर्षांची होते, मला फारसं आठवतही नाही. आई बिनधास्त तळघरात जाते, मी शहरात भुयारी गाडीनं रोज कॉलेजला जाते. बाबा त्या रात्री गिरणीत पाळीवर होते. त्यांच्या अंगावर वीटही पडली नाही. आणि भीती बाबांना!

एर्सिलिया : लोरेता, स्वयंपाकघरात जा. काहीतरी खायला आण.

लोरेता : आणलंयच. गल्लीतल्या दोमेनिका आजीनं वाटेसाठी फियादोने दिलाय, चीज भरलेला, गरम आहे अजून. ईस्टर नसताना खास भाजला म्हणाली. घ्या, बाबा.

पानफिलो : मला नको.

लोरेता : एक तुकडा.

पानफिलो : नको म्हटलं ना!

लोरेता : दर ईस्टरला हेच. ती चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी तुमच्यासाठी वेगळा भाजते, आणि तुम्ही तो कुत्र्याला घालता. तिनं काय वाकडं केलंय तुमचं?

पानफिलो : तिनं काही केलं नाही. मी केलंय.

एर्सिलिया : पानफिलो, आज नको. उद्या जायचंय.

पानफिलो : उद्या जायचंय म्हणूनच. खाली बसलो की तेच येतं समोर. ऐक लोरेता. ईस्टरचा आठवडा होता. त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या बायका रात्रभर दोमेनिकाच्या भट्टीवर फियादोने भाजायच्या, पोरंबाळं घेऊन. तुझी आई एक वर्ष चुकली नव्हती. मी गिरणीतून धावत आलो, तर गल्लीच नाही. नुसती धूळ. बंबवाले विचारत होते, कुठं खोदू? मी शपथेवर सांगितलं, भट्टीपाशी. माझी बायको तिथं आहे, पोरगी तिच्याजवळ आहे. आपला कुत्रा आपल्या घराच्या ढिगावर उभा राहून भुंकत होता. मी त्याला लाथ घालून तिथून हाकलला.

लोरेता : बाबा...

पानफिलो : चार तास. चार तास सगळी माणसं मी तिकडं लावली. उजाडल्यावर दोमेनिका निघाली, जिवंत. डोळे उघडले आणि म्हणाली, एर्सिलिया आलीच नव्हती, तिच्या पोरीला ताप आहे. तुझा तो हात, लोरेता, ज्याची मूठ वळत नाही, तो त्या चार तासांत गेला.

लोरेता : नाही हो. डॉक्टर म्हणाले होते, हात पहिल्या धक्क्यातच चिरडला.

पानफिलो : डॉक्टर भला माणूस होता.

लोरेता : आई, तुला माहीत होतं?

एर्सिलिया : होतं.

पानफिलो : दोमेनिकानं सांगितलं?

एर्सिलिया : ती कशाला सांगेल? मी ऐकलं. तू आधी आमच्या डोक्यावरच्या ढिगाऱ्यावर आलास. 'एर्सिलिया' म्हणून एक हाक मारलीस. मी ओ दिली, पण तोंडात माती होती. मग तुझी पावलं लांब गेली. कुत्रा केकाटला तोही ऐकला.

पानफिलो : पंधरा वर्षं... आणि एका शब्दानं बोलली नाहीस?

एर्सिलिया : तू बोलशील म्हणून वाट बघत होते. दर ईस्टरला वाटायचं, आज बोलेल. तू उठून कुत्र्याकडं जायचास.

लोरेता : मग नवस? तू तर सगळ्यांना सांगतेस, पोरीसाठी बोलले म्हणून.

एर्सिलिया : लोकांना काहीतरी सांगावं लागतं. तू माझ्या कुशीत होतीस, तापानं फणफणलेली, पण श्वास चालू होता तुझा. तुझ्यासाठी काय मागू? मला याची पावलं ऐकू येत होती, लांब लांब जाणारी. मी म्हटलं, संत पेत्रा, तूही जमिनीखालीच आहेस, तुला कळेल. तूही एकदा आपल्या माणसाकडे पाठ फिरवली होतीस आणि रडत मागं आलास. याला मागं फिरव. फिरवलास तर याला घेऊन तुझ्या दाराशी येईन. तुझ्या शेजारी उभा करीन.

पानफिलो : माझ्यासाठी?

एर्सिलिया : तू फिरलास की नाही? नखं निघेपर्यंत हातानं खोदलंस. मग? ज्याच्यासाठी बोलले त्याला घरी ठेवून मी तिथं जाऊन काय सांगू? दोमेनिका तर गल्लीभर सांगते, पानफिलो नसता तर मी संपले होते. ती काय तुला चिडवायला भाजते का फियादोने?

लोरेता : बाबा, रडू नका ना. मलाही...

पानफिलो : रडत नाही. तळघरातली धूळ गेलीय डोळ्यांत. ते अंड्याचं घड्याळ किती मिनिटांचं आहे?

एर्सिलिया : साठ.

पानफिलो : पुरं फिरव. मग दीड तासातली उरलेली तीस वेगळी.

लोरेता : आत्ताच? थोडं थांबा, बाबा. अजून थरथरताय.

पानफिलो : थरथरणार तर उद्याही आहे. आणि तो फियादोने दे इकडं. नाही, मोठा तुकडा. उद्या आत काही नेता येणार नाही म्हणतात, आज खाली बसून खातो.

एर्सिलिया : दार ओढू?

पानफिलो : लाव. नीट लाव. उद्या ते काचेचं दार काय नुसतं ओढून ठेवणार आहेत?

एर्सिलिया : लावते. लोरेता, तू घड्याळ धर. पानफिलो, बसलास?

पानफिलो : बसलो. एर्सिलिया?

एर्सिलिया : ओ.

पानफिलो : काही नाही. नुसती हाक मारली.

एर्सिलिया : मार. हवी तेवढी मार. मी इथंच आहे.