पंपातले रणगाडे

भागूबाई: आन फवारणीचा पंप कशाला? लेकीचं लग्न उद्यावर आलंय, दारात मांडव पडलाय, आन सख्खा मामा पाठीवर औषधाचा पंप अडकवून अंगणात आलाय! माझ्या पाव्हण्यांवर मावा पडलाय का रं झुंबर?

झुंबर: आक्का, आधी बघ तर खरी. ह्यात औषध न्हाय. ह्यात गेम हाय.

रश्मी: गेम? मामा, कुठला गेम?

झुंबर: नवरीबाई, एकच गेम हाय आपल्या घराण्यात. रणगाड्यांचा.

रश्मी: आई, म्हणजे ज्याच्यापायी मामा आपल्या घरात पाऊल टाकत नाहीत, तो?

भागूबाई: तोच मेला. अठ्ठ्याण्णव सालची भाऊबीज. हा पिंपळीवरनं आला, बगलंत व्हिडिओ गेमचा खोका. सकाळपास्नं आमी दोघं टीव्हीफुडं. चुलीवर भात करपला तरी उठलो न्हाय. चौतीस लेव्हल झाल्या. पस्तिसावी शेवटची. त्यातले तीन रणगाडे राहिले आन लाईट गेली. तर ह्यो उठला, अंगणात गेला, आन सगळ्या आळीला ऐकू जाईल असा वरडला...

झुंबर: "ह्यो गेम आक्काबरबर पुरा केल्याबिगर मी तिच्या घराचा उंबरा ओलांडणार न्हाय!" बोललो. आता बोललो तर बोललो.

भागूबाई: सत्तावीस वरसं! भाऊबिजेला मी उंबऱ्याच्या आत, हा भाईर. वाऱ्यानं निरांजन विझतंय, आन हा कपाळ फुडं करून उभा. टपालपेटीवानी.

रश्मी: आणि माझं बारसं अंगणात. पाळणा शेवग्याला बांधून.

झुंबर: तू काय कमी गुटगुटीत व्हतीस? फांदी जी वाकली, ती तवापासनं त्या फांदीला शेंगा वाकड्याच येतात. बाजारात सांबारासाठी न्हाय घेत कुणी, विळ्या समजून घेतात.

रश्मी: मामा, शेंगा राहू द्या. उद्या मला गौरीहरापासून उठवून मांडवात कोण आणणार? ते मामाचं काम. आणि गौरीहर मांडलाय घरात.

भागूबाई: आसू दे. अविराजला सांगितलंय मी. चुलत का हुईना, मामाच हाय. आन दोन पायांनी आत येतो.

झुंबर: अविराज? ज्यानं मुंजीत बटूला सोडून आचाऱ्याच्या पोराला उचलून आणलं, तो अविराज? मी जिता असताना? अगं, म्हणून तर तीन महिने खपलो. आज गेम पुरा करायचा, उद्या ताठ मानेनं आत यायचं.

रश्मी: पण मामा, हा गेम आता मोबाईलवर फुकट मिळतो.

झुंबर: मिळंल. पण मोबाईलात ही पिवळी कॅसेट जाती का? शपथ ह्या कॅसेटवर हाय.

रश्मी: मग इन्व्हर्टरवर टीव्ही लावून...

झुंबर: इन्व्हर्टर घरात. घरात मी येत न्हाय.

भागूबाई: अगं, सगळं करून झालंय. दोन हजार तीनला टीव्ही खिडकीत ठिवला, हा भाईर बादली पालथी घालून बसला. बाविसाव्या लेव्हलला लाईट गेली. अकरा साली टीव्हीच अंगणात आणला. अठ्ठाविसाव्याला गेली. आन गेली की परत पयल्यापासनं.

झुंबर: म्हणून म्हटलं, लाईटचा नादच नको. ह्या पंपात बारा व्होल्टची बॅटरी असतीच. टाकी कापली. गेमचं कवच काढून आतली हिरवी पट्टी तेवढी बसवली. औषध वतायच्या तोंडातनं कॅसेट घालायची. गाडी मागं घेताना दिसतो तसला पडदा, बारामतीच्या भंगारातनं आणला. दोन रिमोट दोन बाजूंनी. बाराचे पाच व्होल्ट करायला मधी एक तीन पायांचा तुकडा हाय, तेवढा तापतो. पण तो बरबर कंबरंवर येतो. माझी सायटिका पळाली त्यानं.

रश्मी: आणि पडदा कुठाय?

झुंबर: ह्यो काय.

(झुंबर पाठ फिरवतो.)

रश्मी: मामा, पडदा पाठीमागं आहे.

झुंबर: व्हय. तितंच सपाट जागा व्हती.

रश्मी: आणि पंप तुमच्या पाठीवर.

झुंबर: व्हय.

रश्मी: मग तुम्हाला कसा दिसणार?

झुंबर: हे तीन महिन्यांत एकानं विचारलं न्हाय बघ! सगळं बांधून, चिकटवून, रंग देऊन पाठीवर घेतला, तवा ध्यानात आलं.

भागूबाई: ल्हानपणी गोठ्याची भिंत आतनं बांधत बसला व्हता. दार ठेवायचं इसरला. वरनं दोर सोडून काढला.

झुंबर: त्यावर उपाय केलाय ना पण! दोन आरसे. एक मागं फवारायच्या नळीला बांधलाय, पडद्याकडं तोंड करून. दुसरा हितं खांद्याफुडं. एकात उलटं दिसतं, दुसऱ्यात परत सुलटं. आता बोल.

रश्मी: काढून खाली ठेवला तर? दोघं समोर बसा.

झुंबर: पट्टे पण चिकटवलेत.

रश्मी: म्हणजे हा अंगातून निघतच नाही?

झुंबर: निघतो. एका बाजूला बक्कल हाय. पण पंप खाली टेकला की वायर सुटती. उभ्या माणसाच्या पाठीवरच चालतो, आसंच झालंय त्याचं.

भागूबाई: आन असाच आलास मोटरसायकलवर? चालू ठेवून?

झुंबर: चालूच! बटण पाठीमागं, हात पोचना. भवानीनगरला कारखान्याच्या गेटाम्होरं उसाचा एक ट्रॅक्टर माझ्या मागं लागला. डायवर पडद्याकडं बघतोय. दोन ट्रॉल्या ऊस घेऊन गेटात वळायचं सोडून गडी माझ्यामागं हितं कळसपतोर आला!

रश्मी: काहीही हं मामा.

झुंबर: काहीही? जाऊन बघ फाट्यावर. उभा हाय. शेवट कळल्याबिगर परत जाणार न्हाय म्हणतो.

रश्मी: अगं आई, खरंच एक ट्रॅक्टर उभा आहे गं!

भागूबाई: मंजी तासभर बॅटरी फुकट जाळलीस वाटंनं. आता चालंल का पस्तीस लेव्हल?

झुंबर: चालवायची. घे रिमोट. हळदीचा हात पूस आधी.

भागूबाई: पुसला. हां, कॅसेटीत फुंकर मारू दे. फूऽऽ! लाव.

रश्मी: आई, आत सुपाऱ्या मोजायच्यात, तुला बोलावतायत.

भागूबाई: राजेश्वरी काकीला सांग मोजायला. आन म्हणावं, पाव्हणे आले तर च्या दे. मी लढाईवर हाय.

झुंबर: आक्का, डावीकडनं एक आला. झेंडा संभाळ!

भागूबाई: मारला. तू तुझं बघ. सत्तावीस वरसांत हात जड झालाय तुझा.

झुंबर: माझा? ही आरशातली लढाई हाय, राणीसाहेब!

रश्मी: किती झाल्या?

भागूबाई: अकरा. झुंबर, दिसंना. पडद्यावर ऊन आलं. मागं सर जरा, शेवग्याखाली.

झुंबर: सरलो. हां, आता झ्याक दिसतंय.

रश्मी: मामा, फाट्यावरून ट्रॅक्टरवाला विचारतोय, कितवी?

झुंबर: सांग, सतरावी. आन त्याला एक लाडू दे. घरचं माणूस हाय.

भागूबाई: परत ऊन. मागं ये. मांडवात ये.

झुंबर: मांडवात आलो. ह्यो कुणाच्या पायावर पाय पडला?

रश्मी: आचाऱ्याच्या. तेही बघतायत.

भागूबाई: सव्वीस. पायरी हाय मागं, जपून. ओट्यावर ये, मांडवाच्या भोकातनं कवडसा पडतोय.

झुंबर: अगं, किती मागं घेशील? आरशातनं नजर हालवता येत न्हाय मला.

भागूबाई: नको हालवूस. मी हाय ना मागं. एकतीस!

रश्मी: मामा, पंपावर लाल दिवा लागला.

झुंबर: बॅटरी! आक्का, घाई कर. बत्तीस... तेहतीस... अगं, ऊन ऊन!

भागूबाई: मागं ये. पाय उचल, मांडवाची दोरी हाय.

झुंबर: उचलला.

भागूबाई: दुसरा.

झुंबर: उचलला. हितं लय थंडगार हाय की. चौतीस झाली! पस्तिसावी लागली आक्का! हीच ती. हितंच गेली व्हती.

भागूबाई: बोलू नगंस. विसातले बारा गेले.

रश्मी: लाल दिवा मिचमिचतोय!

झुंबर: चार राहिले. तीन. आक्का, तीन!

भागूबाई: दोन.

झुंबर: एक. उजवीकडं. मार, मार, मार...

भागूबाई: गेला! झुंबर, गेला रं! सगळे गेले!

रश्मी: झालं? आता काय येतं? बक्षीस? फटाके?

झुंबर: थांब, येतंय काहीतरी. सत्तावीस वरसं वाट बघितलीय, मोठंच असणार... आक्का, काय लिव्हलंय? आरशावर धूळ बसलीय.

भागूबाई: एक.

झुंबर: एक काय?

भागूबाई: लेव्हल एक. परत पयल्यापासनं लागलं.

झुंबर: म्हंजे ह्याला शेवटच न्हाय?

रश्मी: आणि बॅटरी गेली.

झुंबर: आक्का... मग पुरा कुठं झाला? पुराच व्हत न्हाय तो. बोलताना मला काय म्हाईत! आता जन्मभर मी भाईरच. बोलव त्या अविराजला. पोरी, मामाला माफ कर. जातो मी.

रश्मी: मामा, आरसा बाजूला करा. कुठं उभे आहात?

झुंबर: कुठं म्हंजे, मांडवा... ही खिडकी? हिच्याच भाईर तर मी बादलीवर बसलो व्हतो. आन हा गौरीहर? आक्का! हे घर हाय!

भागूबाई: मग काय साखर कारखाना हाय?

झुंबर: दोरी म्हणालीस ती... उंबरा व्हता? बहिणीनं भावाची शपथ मोडली!

रश्मी: कुठं मोडली? ओलांडताना तुमचं तोंड अंगणाकडं होतं. बाहेरून बघणाऱ्याला विचारा, मामा घरातून बाहेर निघालेत असंच सांगेल.

झुंबर: तो ट्रॅक्टरवाला साक्षीला हाय व्हय?

रश्मी: आहे. आणि उद्या मला घेऊन तुम्हाला फक्त बाहेर जायचंय. बाहेर जाणार नाही अशी तर शपथ नव्हती?

झुंबर: न्हाय. तशी न्हवती... म्हंजे तवर मला आतच बसावं लागणार. भाईर गेलो तर परत येता यायचं न्हाय.

भागूबाई: आतच. जेवायचं हितं, झोपायचं हितं.

झुंबर: आन त्या गड्याला काय सांगू?

रश्मी: सांगते मी. म्हणावं, जिंकले. ऊस वाळायच्या आत परत जा.

झुंबर: आक्का, भिंतीचा रंग बदललास.

भागूबाई: तीनदा बदलला.

झुंबर: बरा हाय... अगं, गौरीहराम्होरं चपला घालून उभा हाय मी! भाईर काढून येतो.

भागूबाई: भाईर कशाला? पाय उचल. मी काढते.