हात मांडीखाली घालून बस

आमचं मूळ इचलकरंजीचं बघा. वडील यंत्रमागावर होते, दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळं आमच्या घरात सगळी मोठ्यानंच बोलायची, ती सवय मला अजून आहे, इथं लिफ्टमध्ये लोक वळून बघतात. बी.कॉम. झाले, लग्न झालं, आमचे हे हिशेबाच्या नोकरीवर सिंगापूरला आले, मागनं मी आले, मुलगी शाळेत जायला लागली तशी मीपण नोकरी धरली, हार्बरफ्रंटला, जहाजानं माल पाठवणाऱ्या एका कंपनीत. कुठला माल, कुठल्या बंदरात, त्याचे कागद कधी जायला पाहिजेत, हे सगळं माझ्या सेक्शनचं काम. माझं सेक्शन म्हणते मी, कारण ते मी वाढवलंय, आयतं कुणी हातात दिलेलं नाही.

आता काय सांगू तुम्हाला, सगळं येत होतं, पण ते प्रेझेंटेशन, स्लाइड म्हणतात ना, त्याची मला धास्ती. हसू नका. कंपनीनं एकदा शनिवारी ट्रेनिंग ठेवलं होतं, मी काहीतरी ओढायला गेले आणि केलेलं सगळंच्या सगळं गायब झालं, तर शिकवणारा पोरगा आला, नेव्हर माइंड आंटी म्हणाला आणि माझ्या हातातनं माउस काढून घेतला. वाईट बोलला नाही हो तो, गोडच बोलला, पण मागं दोघीतिघी हसल्या आणि माझे कान तापले. त्या दिवसापासनं ते पांढरं पान उघडलं की मी लगेच बंद करून टाकायची. मग स्लाइड करायची मेलिंग नावाची माझ्या हाताखालची पोरगी, आणि दर महिन्याला गिऱ्हाइकांसमोर बोलायचीपण तीच, मी शेजारी बसून कुणी काही विचारलं की उत्तर द्यायची. गाडी चालली होती.

तर मेलिंगनं नोकरी सोडली. साहेबांनी मला बोलावलं, आमचे साहेब चिनी, शांत माणूस, म्हणाले आशा, पुढच्या महिन्याची गिऱ्हाइकांची मीटिंग तू घ्यायची, स्लाइड तुझ्या, बोलणं तुझं, आणि जमत नसेल तर आत्ताच सांग, मला तुझ्या सेक्शनवर दुसरं कुणीतरी आणावं लागेल. म्हणजे मी वाढवायचं आणि कुणीतरी येऊन डोक्यावर बसायचं. मी म्हणलं, जमेल सर. बाहेर आले तेव्हा कळलं, शब्द तर देऊन बसले होते.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, त्यात काय एवढं, मी देतो की करून. म्हणलं नको, आज तुम्ही कराल, पुढच्या महिन्याला मी काय करू? मग मुलीला धरलं. मृण्मयी कॉलेजात आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. आई, सो ईझी लाह, म्हणाली, इथं बोलताना शेवटी लाह लावतात, आणि टकटक करून दोन मिनिटांत पाच स्लाइड उभ्या केल्या. छानच होत्या, पण मी शिकले काय, तर शून्य. दुसऱ्या रविवारी सकाळी तिला शेजारी बसवलं आणि म्हणलं, हात मांडीखाली घालून बस. तोंडानं काय सांगायचं ते सांग, माउसला हात लावलास तर दुपारी जेवायला मिळणार नाही. ती म्हणाली, आई, सीरियसली? म्हणलं सीरियसली. पोरगी बसली बिचारी हातांवर, आणि मी चुकत होते ना तेव्हा तिची नुसती तडफड, आई नॉट दॅट वन, नॉट दॅट वन, पण हात नाही काढले बाहेर, गुणाची आहे.

तरी त्या कोऱ्या पानावर पहिलं काय घालायचं इथंच घोडं अडायचं. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी फोनवर श्री लिहिलं, तिथनं उचलून त्या पानावर नेऊन चिकटवलं, मोठं केलं, कुंकवाचा रंग दिला. आमच्याकडं लग्नाची पत्रिका असो नाहीतर किराणाची यादी, आधी श्री, मग बाकीचं. आणि खरं सांगते, ते दिसल्यावर ते पान परक्याचं वाटेना. त्याच्या पुढची पानं घेत गेले. सगळी झाली की ते श्री काढून टाकायचं असं ठरवलं होतं.

ते काढायचं राहिलं.

मीटिंगला गिऱ्हाइकाकडची माणसं समोर, त्यांचे दोन कंटेनर अडकलेले, त्यामुळं तोंडं आधीच वाकडी. मी बटण दाबलं आणि भिंतीवर एवढं मोठं श्री, परातीएवढं. त्यांचे वयस्कर मॅनेजर म्हणाले, हे काय, तुमचा नवा लोगो? साहेब माझ्याकडं बघायला लागले. मनात म्हणलं, आशा, आता पळायला जागा नाही. सरळ सांगितलं की आमच्यात कुठलंही नवं काम करताना आधी हे लिहितात, म्हणजे काम मार्गी लागतं, आणि मी आज पहिल्यांदाच प्रेझेंटेशन देतेय. ते गृहस्थ हसले, म्हणाले, मग आमचे कंटेनरपण मार्गी लावा. मी म्हणलं, तेच सांगायला उभी आहे, आणि पुढचं पान घेतलं. मध्ये एक पान पुढंमागं झालं, पण मी परत मागं गेले आणि परत सांगितलं, माउस माझ्याच हातात होता. संपल्यावर साहेब एवढंच म्हणाले, पुढच्या महिन्यालाही तूच, फक्त ते पहिलं जरा लहान कर. लहान केलंय. काढलं नाही.

सेक्शन माझंच आहे, देवाच्या दयेनं चाललंय. आता आमच्या अकाउंट्समधली रोझ, चिनीच आहे, माझ्यापेक्षा मोठी, त्या ट्रेनिंगला माझ्या शेजारी होती आणि तिनं तर दिवसभर माउसला हातच लावला नव्हता, हे तिनं मला आत्ता सांगितलं. तिलापण स्लाइड करायला सांगितल्यात. परवा जेवणाच्या सुट्टीत आली, यू डू फॉर मी लाह म्हणाली. म्हणलं नाही, बस इथं, माउस तू धर. पांढरं पान उघडून ती माझ्या तोंडाकडं बघत बसली, पहिलं काय लिहू म्हणून. म्हणलं, तुमच्याकडं पहिलं काय लिहितात ते लिही. तिनं जरा विचार केला आणि एक चिनी अक्षर काढलं, लाल केलं. त्याचा अर्थ मी काही विचारला नाही, म्हणलं, चल, आता पुढचं पान घे. देव तिच्या हाताला यश देवो. ती चुकत होती, भलतीकडंच दाबत होती, आणि माझ्या हातांना बघा मुंग्या आल्या होत्या, पण मी ते मांडीखालनं काढले नाहीत.