गोठ्यातलं कपाट

नगरच्या स्टँडवर जामखेड गाडीच्या रांगेत पुढच्या दोघी बोलू लागल्या, तशी सुचित्राबाईंनी मासिक मिटलं. कान उघडेच ठेवले.

"मनकर्णे, आरशाचं कपाट आलं म्हनं तुझ्या खोलीत?"

"खोलीत कुठलं, बनुबाई! मालकांनी स्वस्त म्हनून आनलं, दारातून जाईना. ठिवलंय गोठ्यात."

"चौकट काढा की."

"सासूबाई म्हनल्या, नटव्या कपाटापायी माझ्या घराची चौकट हालायची न्हाई."

"मग भांग कुठं पाडती?"

"गोठ्यात. म्हशीचं बघून झालं की मी बघती."

"आन् सासू?"

"आता शेन काढायला आपनहून जात्यात. नथ घालून."

"अगं बाई!"

"उद्या सुतार बोलावलाय त्यांनी. चौकट काढायला."

"म्हंजी पाघळली म्हातारी!"

"पाघळली. पन चौकट निघनार तिच्या खोलीची."